२०० अँपिअरचा आर्गॉन आर्क ओपनफोममध्ये: प्रकल्प नोंदी

थर्मल प्लाझ्माचं, म्हणजे वीज वाहून नेण्याइतक्या तापलेल्या वायूचं, सिम्युलेशन पहिल्यांदाच करू पाहणाऱ्यांसाठी या नोंदी आहेत. पाइपातला प्रवाह, हीट एक्स्चेंजर, असल्या केसेस ज्यानं हाताळल्या आहेत, पण प्लाझ्माच्या वाटेला जो कधी गेलेला नाही, असा वाचक मी धरला आहे. सिद्धान्त पाठ्यपुस्तकांत भरपूर सापडतो, तो इथे पुन्हा मांडत नाही. काय अडलं, कशानं सुटलं आणि वेळ कुठे गेला, एवढंच लिहितो. मशीन म्हणजे आठ कोअरचा साधा डेस्कटॉप. सॉफ्टवेअर ओपनफोम (प्रवाहाची समीकरणं सोडवणारं), वायूच्या गुणधर्मांची टेबलं बनवायला पायथन.

४ जानेवारी: कोणती केस घ्यायची

पहिला मोह प्लाझ्मा टॉर्चचा. नोझल, जेट, देखणी चित्रं. भूमिती काढून तिची जाळी, म्हणजे गणनेसाठीचे छोटे तुकडे (सेल), पाडेपर्यंत उत्साह होता, मग नाद सोडला. टॉर्चमध्ये आर्कचं (दोन इलेक्ट्रोडांमधल्या वायूतून वाहणाऱ्या विजेच्या खांबाचं) अ‍ॅनोडवरचं मूळ एका जागी ठरत नाही. वायूच्या ओढीनं पुढे सरकतं, तुटतं, मागे पुन्हा नवीन लागतं. म्हणजे केस त्रिमितीय, सतत बदलती, आणि जेट थंड हवेत शिरला की टर्ब्युलन्स आलाच. अशा केसमध्ये उत्तर चुकलं तर दोष टेबलाचा, जाळीचा की मॉडेलचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

त्याऐवजी मोकळा आर्क घेतला: वर टंगस्टनचा टोकदार कॅथोड, खाली सपाट थंड अ‍ॅनोड, मध्ये वातावरणाच्या दाबाचा आर्गॉन. स्यू, एटेमादी आणि फेंडर यांनी १९८३ साली अशाच आर्कची मोजमापं प्रसिद्ध केली. २०० अँपिअर, १० मिमी अंतर, ६० अंशांचं कॅथोडचं टोक. तेव्हापासून आर्कचं मॉडेल लिहिणारे बहुतेक जण आधी याच केसवर हात साफ करून घेतात. आर्क स्थिर आहे, अक्षाभोवती सममित आहे आणि तुलना करायला तापमानाचे नकाशे आहेत. आणखी काय हवं?

गृहीतकही लिहून ठेवतो: प्रत्येक ठिकाणी इलेक्ट्रॉनांचं आणि जड कणांचं तापमान एकच. आर्कच्या गाभ्यात हे चालतं. कडेला आणि इलेक्ट्रोडांना चिकटून चालत नाही. या दुसऱ्या वाक्याची किंमत फेब्रुवारीत कळली.

८ जानेवारी: टेबलं, टेबलं आणि टेबलं

नेहमीच्या केसमध्ये वायूचे गुणधर्म ही दोन ओळींची फाइल असते. इथे तोच अर्धा प्रकल्प आहे.

सुरुवातीला उगाच आशा होती की आदर्श वायू आणि सदरलँडचं स्निग्धतेचं सूत्र घेऊन निदान चालू तरी करता येईल. येत नाही, आणि का येत नाही ते आकड्यांतच दिसतं. ३०० केल्विनला आर्गॉनची घनता सुमारे १.६२ किलो प्रति घनमीटर. १०,००० केल्विनला सुमारे ०.०४८, इथवर आदर्श वायूचं सूत्रही जवळपास हेच सांगतं. पण २०,००० केल्विनला जवळजवळ प्रत्येक अणूचा एक इलेक्ट्रॉन सुटलेला असतो. त्याच दाबात आता दुप्पट कण आहेत, म्हणून घनता ३९.९५ हा अणुभार धरून काढलेल्या आकड्याच्या जवळपास निम्मी भरते. स्निग्धतेचं तर उलटंच: सदरलँड ती वाढवतच नेतो, प्रत्यक्षात १०,००० केल्विनच्या थोडं पुढे ती शिखर गाठते आणि विद्युतभारित कणांच्या टकरी वाढल्या की कोसळते.

सगळ्यात त्रासदायक स्पेसिफिक हीट. थंड आर्गॉनची ५२० जूल प्रति किलो केल्विन. १५,००० केल्विनच्या आसपास ती पंधरा पटींहून वर जाते, कारण दिलेली उष्णता तापमान वाढवण्यात नाही तर आयनीभवनात, म्हणजे अणूंतून इलेक्ट्रॉन सोडवण्यात, खर्च होते. हे ताडून पाहायला एक सोपा हिशेब: आर्गॉनची पहिली आयनीभवन ऊर्जा १५.७६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. एका अणूच्या वस्तुमानानं भागली की सुमारे ३८ मेगाजूल प्रति किलो येतात. तुमच्या एन्थॅल्पीच्या (वायूत साठलेल्या उष्णतेच्या) टेबलात १०,००० ते २०,००० केल्विनमध्ये एवढी उडी दिसली पाहिजे, शिवाय साध्या तापण्याचा भाग वर. माझ्या पहिल्या टेबलात ती निम्मीच होती. इलेक्ट्रॉनांची एन्थॅल्पी धरली होती, आयनांची निर्मिती ऊर्जा विसरली होती.

आयनीभवनाचं प्रमाण साहांच्या समीकरणातून काढलं. मेघनाद साहांचं १९२० सालचं हे समीकरण पायथनमध्ये पानभरात बसतं. दुसरं आयनीभवनही घ्या, २७.६३ इलेक्ट्रॉनव्होल्टचं, नाहीतर कॅथोडजवळचे आकडे तिरके जातात. नासाचे नऊ गुणकांचे थर्मोडायनॅमिक फिट आयनांसाठी २०,००० केल्विनपर्यंत जातात, त्यांच्याशी माझं टेबल जुळवून पाहिलं.

विद्युतवाहकता, उष्णतावाहकता आणि स्निग्धता मात्र स्वतः काढायच्या भानगडीत पडलो नाही. मर्फी आणि अरंडेल यांची १९९४ सालची टेबलं ३०,००० केल्विनपर्यंत आहेत, तीच भरली. १०,००० केल्विनला विद्युतवाहकता सुमारे ३,००० सीमेन्स प्रति मीटर आली तर एकक बरोबर आहे असं समजा.

टेबलाचं वरचं टोक ३०,००० केल्विनला ठेवा, जरी उत्तर तिथवर जाणार नसलं तरी. सुरुवातीच्या पावलांत सॉल्व्हर भलतीकडे भटकतो, आणि टेबलाबाहेर सरळ रेष ओढून अंदाज काढणारा कोड तिथे उणे घनता देतो. टोकाला किंमत गोठवायची, ताणायची नाही.

नायट्रोजन किंवा हवेनं सुरुवात करायचा विचार असेल तर थांबा. तिथे ७,००० केल्विनच्या आसपास रेणू फुटण्याचं वेगळंच शिखर आहे. एक शिखर सांभाळायला शिकलात की दुसरं घ्या.

१३ जानेवारी: प्रवाह नाही, जाळी नाही, फक्त एक त्रिज्या

टेबलं तपासायला एकमितीय केस केली: ५ मिमी त्रिज्येची थंड भिंतीची अनंत लांब नळी, आत आर्क. तापवणारी ज्यूल उष्णता (करंट वाहिल्यानं होणारी), बाहेर नेणारं वहन आणि किरणोत्सर्ग (प्रकाशरूपानं बाहेर पडणारी ऊर्जा). एलेनबास-हेलर समीकरण म्हणतात ते हेच. पायथनमध्ये काही सेकंदांत सुटतं.

सुटतं, पण नीट मांडलं तर. मी विद्युतक्षेत्र ठरवून दिलं होतं, इतके व्होल्ट प्रति मीटर. कमी करंटला आर्क एक तर विझायचा, नाहीतर भलत्याच मोठ्या करंटवर जाऊन बसायचा. बराच वेळ टेबलांवर संशय घेतला. दोष टेबलात नव्हता. क्षेत्र ठरलेलं असताना तापमान जरा वाढलं की वाहकता वाढते, वाहकता वाढली की करंट वाढतो, करंटाबरोबर उष्णता, पुन्हा तापमान. उलट दिशेनंही तसंच. खऱ्या आर्कला करंट सांभाळणारा पॉवर सप्लाय लागतो तो याच कारणानं, आणि सिम्युलेशनलाही तोच लागतो. करंट ठरवला, आणि दर फेरीला क्षेत्र काढलं: करंट भागिले वाहकतेची छेदावरची बेरीज. लगेच स्थिर झालं.

या केसमधून दोन तपासण्या कायमच्या हाताशी आल्या. दर मीटरला ओतलेली वीज, म्हणजे क्षेत्र गुणिले करंट, ही भिंतीतून गेलेली उष्णता अधिक किरणोत्सर्ग यांच्या बेरजेइतकी भरली पाहिजे. आणि टेबलाचं अंतर ५०० केल्विनवरून १०० केल्विनवर आणलं तर उत्तर हलता कामा नये. माझं हललं, १०० वर राहिलो.

किरणोत्सर्गाबद्दल आत्ताच सांगतो, कारण हा खड्डा सगळ्यांच्या वाटेत आहे. नेट एमिशन कोइफिशंटची (वायूतून निव्वळ किती किरणोत्सर्ग बाहेर पडतो त्याची) प्रसिद्ध टेबलं बहुधा दर स्टेरेडियनला (घनकोनाच्या एककाला) दिलेली असतात. ऊर्जेच्या समीकरणात घालताना ४ पायनं गुणावं लागतं. ते राहिलं तर किरणोत्सर्ग साडेबारा पटींनी कमी पडतो आणि तरीही उत्तर दिसायला ठीकठाकच दिसतं, गाभा जरा जास्त तापलेला एवढंच. ऊर्जेचा ताळाही जुळतो, कारण चुकीचाच आकडा दोन्हीकडे असतो. फक्त एककं बघूनच हे सापडतं.

२१ जानेवारी: जाळीवर वीज

आता ओपनफोम. आर्क सममित असल्यानं त्याची फक्त पाच अंशांची पाचर, दोन्ही बाजूंना वेज बाउंडरी, ब्लॉकमेशनं (ओपनफोमच्या जाळी पाडणाऱ्या साधनानं) चौकटीची जाळी. अक्षाजवळ ०.१ मिमीचे सेल, बाहेर जाताना मोठे होत जाणारे. एकूण बारा हजारांच्या आसपास सेल, म्हणजे जाळी अगदी लहान. या कामात जाळीचा आकार हा प्रश्नच नाही, हे आधी पटत नाही.

पाचर म्हटली की ३६० पैकी ५ अंश, म्हणजे एकूण करंटाचा ७२वा भाग. २०० अँपिअरच्या आर्कसाठी पाचरीतून जातात फक्त २.७८ अँपिअर. भिंतीची उष्णता, एकूण शक्ती, सगळ्यांना ७२चा गुणक. पाचरीची बाहेरची कड वर्तुळाकार नसून सरळ असते, त्यामुळे ०.१ टक्क्याच्या आसपास फरक राहतो. तो सोडून द्या.

विद्युत विभवाचं समीकरण नेहमीच्या लॅप्लेशियनसारखं, फक्त गुणक वाहकता. आणि इथेच पहिली भिंत लागते: थंड आर्गॉनची वाहकता व्यवहारात शून्य. सगळीकडे ३०० केल्विननं सुरुवात केली तर वीज जायला वाटच नाही, मॅट्रिक्स विचित्र होतो, सॉल्व्हर हजार फेऱ्या मारून हात वर करतो. दोन गोष्टी केल्या. वाहकतेला खालून १ सीमेन्स प्रति मीटरची मर्यादा घातली. आणि कॅथोडपासून अ‍ॅनोडपर्यंत ३ मिमी त्रिज्येचा १२,००० केल्विनचा खांब सुरुवातीलाच उभा केला. आर्क पेटवण्याचं भौतिकशास्त्र वेगळं असतं, पण आपल्याला स्थिर उत्तर हवं आहे. तो खांब कसा पेटला हे विचारायचं नाही.

कॅथोडच्या टोकावर करंटाची घनता ठरवून द्यावी लागते. मी १२ कोटी अँपिअर प्रति चौरस मीटर घेतली. एकसारखी धरली तर २०० अँपिअरसाठी करंट सुटतो त्या डागाची त्रिज्या ०.७३ मिमी येते. हा आकडा मुद्दाम लिहून ठेवला, पुढे सगळ्याच गोष्टी त्यावर लटकतात.

दुसरी अडचण सूक्ष्म होती. सेलच्या मध्यावर विभवाचा उतार काढून वाहकतेनं गुणला की करंट मिळतो, असं सरळ केलं. वेगवेगळ्या उंचीवर छेद घेऊन करंट मोजला तर तो एकसारखा येईना, काही ठिकाणी दहा टक्क्यांपर्यंत फरक. वाहकता शेजारच्या दोन सेलांत अनेक पटींनी बदलते, तिथे मध्यावरचा उतार कामाचा नाही. समीकरण सोडवताना सेलच्या बाजूंवरून जो फ्लक्स निघतो तो नेमका जपला जातो. त्यावरूनच सेलमधला करंट पुन्हा उभा केला. छेद जुळले. त्यानंतर दर रनला एक ओळ छापून घेतो: ज्यूल उष्णतेची एकूण बेरीज, आणि शेजारी व्होल्टेज गुणिले करंट. हे दोन आकडे जुळेनात तर पुढचं काहीही बघायचं नाही.

३० जानेवारी: ऊर्जा, आणि ‘मॅक्सिमम इटरेशन्स एक्सीडेड’

प्रवाह बंद ठेवून ऊर्जेचं समीकरण जोडलं. केस काही पावलांत फुटली, ती पण ओपनफोममधल्या जुन्या ओळखीच्या संदेशानं: एन्थॅल्पीवरून तापमान काढताना फेऱ्या संपल्या.

हा संदेश शोधला की लोक टाइमस्टेप कमी करा म्हणतात. कमी केला. फुटायला जास्त वेळ लागला, बस.

कारण असं. कोड एन्थॅल्पी सोडवतो आणि न्यूटनच्या पद्धतीनं तापमान काढतो. त्यात उतार म्हणून स्पेसिफिक हीट वापरतो. मी एन्थॅल्पीचं टेबल वेगळं दिलं होतं, स्पेसिफिक हीटचं वेगळं. दोन्ही स्वतंत्रपणे बरोबर. पण दोन नोंदींच्या मधल्या जागेत एकाचा उतार दुसऱ्याशी जुळत नाही, आणि शिखराच्या आसपास तर मुळीच नाही. न्यूटन मग दोन किमतींमध्ये डावीकडे-उजवीकडे झोके घेत राहतो. स्पेसिफिक हीटचं टेबल काढूनच टाकलं. फक्त एन्थॅल्पीचं टेबल, आणि स्पेसिफिक हीट म्हणजे त्याच तुकड्याचा उतार. तापमान काढायला न्यूटनही नको. टेबल चढतंच असतं, त्यात योग्य तुकडा शोधून सरळ रेषेनं किंमत काढायची. थर्मोच्या कोडमध्ये बदल करावा लागला, थोडाच. त्यानंतर हा संदेश पुन्हा दिसला नाही.

इलेक्ट्रॉन करंटाबरोबर एन्थॅल्पीही वाहून नेतात, त्याचं एक पद समीकरणात असतं. त्याचं चिन्ह तपासा: इलेक्ट्रॉन कॅथोडकडून अ‍ॅनोडकडे जातात, उष्णताही तिकडेच सरकली पाहिजे. ते पद बंद करून आणि चालू करून नकाशा बघितला की चिन्ह कळतं.

शिथिलीकरण (दर फेरीत नवी किंमत किती अंशानं स्वीकारायची तो गुणक) ऊर्जेला ०.३, विभवाला गरज नाही.

६ फेब्रुवारी: चुंबकीय क्षेत्र आणि अक्षावरचा भाला

मोकळ्या आर्कमध्ये पंखा नाही, इनलेट नाही, तरी वायू शेकडो मीटर प्रति सेकंदानं खाली धावतो. ढकलतं ते आर्कचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र. कॅथोडच्या टोकाशी करंट दाटलेला, तिथे आत दाबणारं बल जास्त. अ‍ॅनोडकडे करंट पसरतो, तिथे कमी. दाबाच्या फरकानं जेट सुटतो. मेकर यांनी १९५५ साली हे मांडलं, आणि त्याचा कागदावरचा हिशेब सिम्युलेशनच्या आधी करून ठेवणं फार उपयोगी पडतं: अक्षावरचा जादा दाब म्हणजे म्यू-शून्य (निर्वाताची चुंबकीय पारगम्यता) गुणिले करंट गुणिले करंटघनता, भागिले ४ पाय. आपल्या आकड्यांना २,४०० पास्कल. १५,००० केल्विनच्या घनतेनं वेगाची वरची मर्यादा साडेचारशे मीटर प्रति सेकंदाच्या आसपास निघते. खरा वेग याच्या खाली असणार, पण काही शेच असणार. सिम्युलेशननं ४० दिले किंवा ४,००० दिले तर चित्र उघडायचीही गरज नाही.

क्षेत्र काढायचे दोन मार्ग. एक, सदिश विभवाचं समीकरण सोडवणं. यात बाहेरच्या सीमेवर काय लिहायचं हा वाद संपत नाही. डोमेन, म्हणजे गणनेत घेतलेला भाग, लहान असेल तर तिथे शून्य लिहिणं चूक आहे. दुसरा, सममितीचा फायदा घेऊन अँपिअरच्या नियमानं थेट: त्या त्रिज्येच्या आत किती करंट आहे ते मोजा आणि म्यू-शून्य भागिले २ पाय आर नं गुणा. जाळी चौकटीची असल्यानं दुसरा मार्ग घेतला. तपासणी सोपी आहे, १० मिमी त्रिज्येवर २०० अँपिअरचं क्षेत्र ४ मिलिटेस्ला.

ती तपासणी पास झाली आणि तरी उत्तर घाण आलं. अक्षावरच्या सेलांमध्ये दाबाचा अणकुचीदार भाला, वेग भलताच. १० मिमीवर बरोबर असलेलं क्षेत्र अक्षावर चुकीचं होतं: अक्षाला लागलेल्या सेलसाठी मी त्या सेलचा अख्खा करंट ‘आतला’ धरला होता. पाचरीतला हा सेल त्रिकोणी. त्याचा मध्य त्रिज्येच्या दोन तृतीयांशावर असतो. त्या मध्यापर्यंतचा करंट अख्ख्या सेलच्या चार नवमांश. म्हणजे क्षेत्र सव्वादोन पट फुगलेलं, आणि तेही नेमक्या त्या जागी जिथे करंटघनता सर्वांत जास्त. करंट सेलच्या मध्यापर्यंतच मोजला, भाला गेला.

बल एकदम पूर्ण लावू नका. मी दहा टक्क्यांपासून सुरू करून हळूहळू शंभरावर नेलं. एकदम लावलं की थंड, जड वायू गरम खांबात घुसतो, वाहकता तुटते, आर्क विझतो आणि करंट ठरलेला असल्यामुळे व्होल्टेज आकाशाला भिडतं.

टर्ब्युलन्स मॉडेल जुन्या केसवरून कॉपी झालेलं होतं, के-एप्सिलॉन. ते काढलं. गाभ्यात घनता ०.०३, वेग ३००, रुंदी ३ मिमी, स्निग्धता ०.०००२ पास्कल-सेकंद धरली तर रेनॉल्ड्स आकडा शंभर-दीडशेच भरतो. वेग ऐकून माणूस फसतो. माक आकड्याचंही तसंच. या तापमानाला ध्वनीचा वेग दोन हजार मीटर प्रति सेकंदाच्या वर आहे, तेव्हा प्रवाह सबसॉनिकच.

डोमेनची त्रिज्या आधी १५ मिमी होती. जेट बाजूनं वायू ओढून घेतो, आणि इतक्या जवळच्या सीमेवर आत-बाहेर भोवरे होत राहतात. ४० मिमी केली, आत येणाऱ्या वायूचं तापमान ३०० केल्विन ठरवून दिलं. गाभ्याचं तापमान हललंही नाही; कन्व्हर्जन्स मात्र सुधारला.

१४ फेब्रुवारी: जाळी बारीक केली, उत्तर बिघडलं

सगळ्यात जास्त वेळ खाल्लेली नोंद ही.

फ्लुइडवाल्या माणसाचं बाळकडूच आहे: शंका आली की जाळी बारीक करा. अ‍ॅनोडजवळचे सेल ०.१ मिमीवरून ०.०२ मिमीवर नेले. व्होल्टेज दहाच्या आसपास होतं ते शंभराच्या वर गेलं, आणि सगळी वाढ अ‍ॅनोडला चिकटलेल्या एकाच थरात. आणखी बारीक केलं, आणखी वेडंवाकडं. सीमेच्या अटी, इंटरपोलेशन, सॉल्व्हरचे टॉलरन्स, सगळं उलटंपालटं करून पाहिलं. सीमेवर वाहकतेची हार्मोनिक सरासरीऐवजी साधी सरासरी घेतली तर चित्र सुधारल्यासारखं वाटतं. ती दिशाभूल आहे, जाळी बदलली की पुन्हा तेच.

गडबड सॉफ्टवेअरमध्ये नव्हतीच. अ‍ॅनोडचं तापमान मी १,००० केल्विन दिलं आहे. सेल जितका पातळ तितका तो अ‍ॅनोडच्या तापमानाच्या जवळ, आणि ‘सगळ्यांचं तापमान एक’ या गृहीतकानुसार थंड आर्गॉनची वाहकता शून्य, म्हणजे माझी १ सीमेन्सची मर्यादा. अ‍ॅनोडवर करंटघनता ५० लाख अँपिअर प्रति चौरस मीटर धरली तर ०.०२ मिमीच्या त्या एका सेलमध्येच १०० व्होल्ट पडतात. सॉल्व्हर त्याला दिलेल्या समीकरणाचं इमानदारीनं उत्तर देत होता. खऱ्या आर्कमध्ये त्या थरात इलेक्ट्रॉनांचं तापमान जड कणांइतकं खाली येत नाही, शिवाय गाभ्यातून इलेक्ट्रॉन विसरणानं तिथे पोचतात. म्हणून तिथे वाहकता टिकते आणि वीज जाते.

लोकी आणि तनाका यांनी २००६ साली या अडचणीवरचा तोडगा नीट मांडला आहे: इलेक्ट्रोडजवळचा सेल इलेक्ट्रॉनांच्या विसरणाच्या अंतराएवढा, ०.१ मिमीच्या घरात, मुद्दाम ठेवायचा. म्हणजे जुन्या मॉडेलवाल्यांची ‘जाडी’ जाळी हा आळस नव्हता. मी जाळी बारीकच ठेवली, पण इलेक्ट्रोडपासून ०.१ मिमीच्या थरात स्थानिक तापमानाची वाहकता न घेता थराच्या बाहेरच्या कडेवरच्या तापमानाची घेतली. ३,००० सीमेन्सला त्या थरात ०.१७ व्होल्ट पडतात, निरुपद्रवी. आता जाळी अर्धी करा, चौथाई करा, व्होल्टेज जागचं हलत नाही.

यामुळे एक गोष्ट मात्र विसरायची नाही: या मॉडेलचं व्होल्टेज हे फक्त आर्कच्या स्तंभाचं आहे. इलेक्ट्रोडांना चिकटलेले काही व्होल्टचे ड्रॉप यात नाहीत. मोजलेल्या व्होल्टेजशी थेट तुलना करून ‘मॉडेल कमी दाखवतं’ म्हणू नये.

१९ फेब्रुवारी: स्थिर उत्तर आणि तुलना

टाइमस्टेपचा हिशेब: ०.१ मिमीचा सेल, ३०० मीटर प्रति सेकंद, कुरांट आकडा १ ठेवला तर ०.३३ मायक्रोसेकंद. मी ०.१ मायक्रोसेकंदावर सुरक्षित चाललो. जेट तर ५० मायक्रोसेकंदांत तळाशी पोचतो, पण बाहेरचा संथ भोवरा बसायला मिलिसेकंद लागतात; १० मिलिसेकंद म्हणजे एक लाख पावलं. रात्रभर चालवलं. पहिल्या रात्री डिस्क भरून रन मेला, कारण दर शंभर पावलांना सगळी फील्ड्स लिहायची सेटिंग राहून गेली होती. शेवटच्या दोन वेळांचीच आउटपुट ठेवा, मधल्या वाटचालीसाठी चार-पाच बिंदूंवरची तापमानं छापली की पुरे.

उत्तर: घंटेचा आकार, जसा असायला हवा. कॅथोडच्या टोकाखाली २०,००० केल्विनच्या वर, खाली जाताना थंड आणि रुंद. वेग मेकरच्या मर्यादेच्या खाली, काही शे. स्तंभाचं व्होल्टेज दहाच्या अलीकडेपलीकडे, म्हणजे दोन किलोवॅट, पाचरीत २७.८ वॅट, आणि ज्यूल उष्णतेची बेरीजही तेवढीच. १९८३ सालच्या नकाशावर ठेवलं तर गाभ्यातल्या समताप रेषा चांगल्या बसतात. बाहेरच्या, १०,००० केल्विनच्या खालच्या रेषा बसत नाहीत. ते अपेक्षितच, तिथे एक तापमानाचं गृहीतक ढासळतं, आणि ते जाळीनं किंवा टाइमस्टेपनं भरून निघणारं नाही. ती रेष जुळवायला गुणधर्मांची टेबलं इकडेतिकडे ओढण्याचा मोह होतो. ओढू नका.

२५ फेब्रुवारी: कॅथोडचा तो आकडा

कॅथोडवरची करंटघनता १२ कोटींवरून ८ कोटी केली. बाकी काही नाही. मेकरच्या हिशेबानं दाब २,४००चा १,६०० व्हावा, वेग वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे १८ टक्क्यांनी, उतरावा. सिम्युलेशननंही जवळपास तेच दाखवलं, आणि घंटा वरून बसकी झाली. म्हणजे मी सीमेवर ज्या आकड्याची निवड केली, त्यावर अख्ख्या जेटचा वेग ठरतो आहे. करंटघनता हवी तशी फिरवली तर मोजमापाशी जवळीक विकतच घेता येते, आणि मग त्या जुळणीला किंमत राहत नाही.

म्हणून कॅथोड आता डोमेनमध्ये घेतला आहे. टंगस्टनचा भरीव भाग, त्यात विभव आणि उष्णता दोन्ही सोडवायची, करंट वरच्या थंड टोकाला द्यायचा आणि खाली तो कुठून सुटतो हे त्यालाच ठरवू द्यायचं. तापलेल्या टंगस्टनची वाहकता प्लाझ्माच्या शंभरपटीच्या घरात, त्यामुळे विभवाचा मॅट्रिक्स पुन्हा कुरकुरतो. मल्टिग्रिड सॉल्व्हर लावल्यावर चालला. तपासणीचा आकडा ३,६९५ केल्विन, टंगस्टनचा वितळबिंदू. पहिल्या रनमध्ये टोक त्याच्या बरंच वर गेलं, कारण पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन सुटताना जी उष्णता घेऊन जातात ते पद अजून घातलेलं नाही. तेच लिहितो आहे.